उसाची रांग आणि प्रोग्राम लिहिण्याच्या दोन रीती

गूळ कसा होतो, हे दोन रीतींनी सांगता येते. पहिली अशी: ऊस घाण्यात घाला, रस काहिलीत ओता, चुलवाण पेटवा, भेंडीचे पाणी घालून मळी काढा, पाक जमला की वाफ्यात ओता, घोटा, रवे भरा. दुसरी रीत म्हणजे गुऱ्हाळावर जाऊन कोण काय करतो ते बघणे. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतेय का बघतो आणि जाळ घालणाऱ्याला हाक देतो, "जाळ कमी कर रं." चिपाड किती आणि कुठून कमी करायचे, ते तो सांगत नाही. ते जाळ घालणाऱ्याला माहीत. पाक कधी जमला, यात जाळ घालणारा पडत नाही. तो गुळव्याचा प्रांत.

गूळ दोन्हीकडे एकच. फरक आहे तो काम कुठे कापले यात. पहिल्या रीतीत ते पायऱ्यांमध्ये कापले आहे, दुसऱ्या रीतीत माणसांमध्ये. प्रोग्रामिंगमध्ये पहिलीला प्रोसीजरल म्हणतात आणि दुसरीला ऑब्जेक्ट ओरिएंटेड. पहिली जुनी म्हणून मागासलेली आणि दुसरी नवी म्हणून चांगली, असे मुले कुठून तरी ऐकून येतात. कोल्हापुरात प्रोग्रामिंग शिकवताना या समजुतीशी मला दरवर्षी भांडावे लागते.

पायऱ्यांची रीत आधी आली हे खरे. केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक हा संगणक चालू झाला, तेव्हाच डेव्हिड व्हीलर यांनी पुन्हा पुन्हा लागणाऱ्या सूचनांचा गठ्ठा एकदाच लिहून हवा तेव्हा बोलावण्याची युक्ती बसवली. आजच्या फंक्शनचे मूळ तिथे आहे. पुढे १९५७ मध्ये फोरट्रॅन ही प्रोग्रामिंगची भाषा आली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. या रीतीत माहिती एका बाजूला असते आणि तिच्यावर काम करणारी फंक्शने दुसऱ्या बाजूला.

यात दुखते कुठे, ते मला एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टने नेमके दाखवले. माझ्या वर्गात शिरोळ, कागल, करवीरची मुले असतात. हंगामात कारखान्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग बघतच ती वाढलेली. म्हणून मी काट्याचा प्रोग्राम लिहायला देतो. भरलेल्या गाडीचे वजन घ्यायचे, रिकाम्या गाडीचे वजा करायचे, उरले ते उसाचे. त्या मुलाने सगळी वजने एका सामाईक तक्त्यात किलोमध्ये ठेवली होती. वाहतूक भाडे काढणाऱ्या फंक्शनला वजन टनात हवे होते, म्हणून त्याने तक्त्यातल्याच आकड्याला हजाराने भागले. १८,००० चे १८ झाले. मागून बिलाचे फंक्शन आले. त्याच्या लेखी तो आकडा किलोचाच, म्हणून त्यानेही हजाराने भागले. टनाला ३,००० रुपये दर धरला होता. ५४,००० रुपयांच्या खेपेचे बिल ५४ रुपये निघाले. दोन्ही फंक्शने एकेकटी तपासली तर बिनचूक. मुलगा दोन दिवस चूक शोधत होता.

दुसऱ्या रीतीत वजनाचा आकडा त्या गाडीच्याच ताब्यात असतो. गाडी म्हणजे एक ऑब्जेक्ट: तिची माहिती आणि त्या माहितीवर चालणारे काम एकाच गाठोड्यात बांधलेले. बाहेरच्याने विचारायचे, "तुझ्यात ऊस किती टन?" गाडी १८ सांगेल. आत किलो आहेत की क्विंटल, हे कुणी बघायचे नाही आणि हात तर लावायचाच नाही. गुळव्याची हाक आठवा. अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात स्मॉलटॉक ही भाषा रचणारे अॅलन के जीवशास्त्र शिकलेले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर पेशी होत्या: प्रत्येकीला आपली भिंत, आणि एकमेकींशी व्यवहार फक्त निरोपांचा.

पण ऑब्जेक्टचा जन्म त्याआधीचा, आणि तो झाला रांगांच्या अभ्यासातून. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल यांना प्रत्यक्ष जगातल्या रांगा संगणकात उभ्या करायच्या होत्या, जसे की बंदरात येणारी जहाजे आणि त्यांची वाट बघणे. प्रत्येक जहाजाची अवस्था वेगळी, वेळ वेगळी. सगळ्यांना एकाच पायऱ्यांच्या यादीत कोंबायचे तर यादीचा गुंता होतो. त्यापेक्षा प्रत्येक जहाजालाच स्वतःचे वर्तन दिले तर? त्यातून सिम्युला ६७ ही भाषा आली, आणि क्लास (एका जातीच्या ऑब्जेक्टांचा साचा), ऑब्जेक्ट, वारसा (एका क्लासने दुसऱ्याचे गुण जसेच्या तसे घेणे) या कल्पना तिच्याबरोबर आल्या. दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वात मानाचा पुरस्कार, मिळाला. जहाजाच्या जागी ट्रॅक्टर-ट्रॉली ठेवा, धक्क्याच्या जागी काटा आणि गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा. आमच्या मुलांना सिम्युला समजायला अडचण येत नाही.

आता फळ्यावरचा तक्ता, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आडव्या ओळींत गाड्या: बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक. उभ्या रकान्यांत कामे: वजन, भाडे, रांगेतला नंबर. नऊ चौकोन झाले. प्रोग्राम कसाही लिहा, हे नऊ चौकोन भरावेच लागतात. प्रोसीजरल रीत हा तक्ता उभा कापते: भाड्याचे एक फंक्शन, त्यात तिन्ही गाड्यांचे हिशेब. ऑब्जेक्टची रीत आडवा कापते: ट्रकचा एक क्लास, त्यात ट्रकची तिन्ही कामे.

उद्या नवी गाडी आली, तर ऑब्जेक्टवाल्याने एक नवी ओळ लिहायची, जुन्याला धक्का नाही. प्रोसीजरलवाल्याला मात्र प्रत्येक फंक्शन उघडून त्यात नवी गाडी घालावी लागते. इथवर पाठ्यपुस्तके सांगतात. पण हार्वेस्टरने तोडलेला ऊस यायला लागला आणि पाचटाची वजावट काढायचे नवे काम निघाले, तर? हा उभा रकाना. आता प्रोसीजरलवाला एक फंक्शन लिहून मोकळा होतो आणि ऑब्जेक्टवाल्याला एकेक क्लास उघडत बसावे लागते. ही अडचण प्रोग्रामिंग भाषांच्या अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक होती. १९९८ मध्ये फिलिप वॅडलर यांनी तिला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असे नाव दिले, आणि तिच्यावरचे उपाय आजही निघत आहेत.

म्हणून रीत निवडण्याआधी मी मुलांना विचारायला लावतो: बदल कुठल्या बाजूने येणार? गाड्या वाढणार की कामे? आकडे एकामागून एक गाळत न्यायचे असतील, तर क्लास रचत बसणे म्हणजे नुसता पसारा. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा बहुतांश सी भाषेत आहे, तरी फायली हाताळताना तो ऑब्जेक्टचीच कल्पना वापरतो. प्रत्येक प्रकारच्या फायलीला उघडणे, वाचणे, लिहिणे ही स्वतःची फंक्शने जोडलेली असतात. पायथॉन भाषेमध्ये तर दोन्ही रीती एकाच फायलीत सुखाने नांदतात.

यंदा एका मुलीने मला अडचणीत टाकले. तिच्या गावाकडे लहान ट्रॅक्टरला टायरची बैलगाडी जोडून ऊस आणतात. वारशाच्या नियमाने ती बैलगाडीची लेक की ट्रॅक्टरची? भाडे ट्रॅक्टरसारखे धरायचे, भरण्याची ताकद बैलगाडीची, रांग तिसरीच. मी वारशाची झाडे काढून बघितली, एकही बसेना. तिनेच मग 'ओढणारा' आणि 'गाडी' असे दोन वेगळे ऑब्जेक्ट केले आणि खेप म्हणजे या दोघांची जोडी असे लिहिले. बैल सोडून ट्रॅक्टर जुंपला, तर तिच्या प्रोग्राममध्ये एकच भाग बदलतो.