घाटात पिकअप जातो, तो नेमका कुठे जातो?

खाडीकाठच्या सपाट रस्त्यावर टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राचं, दुखणं महिनोन्‌महिने झाकलेलं राहतं. ताशी पन्नासने रमतगमत जाणाऱ्या गाडीला टर्बोची फारशी गरजच पडत नाही. सावंतवाडी सोडून आंबोलीची चढण लागली, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या, की मग ‘गाडी वढना नाय’ ही तक्रार गॅरेजात पोचते. पहिला संशय घेतला जातो तो घाटातल्या विरळ हवेवर. पण आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंच. तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जेमतेम आठ टक्क्यांनी कमी. धडधाकट टर्बो थोडा जोरात फिरून एवढी तूट सहज भरून काढतो. तेव्हा पिकअप गेला असेल तर तो गाडीतच कुठेतरी गेला आहे.

टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एकाला फिरवतो, दुसरा बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. वेग मिनिटाला लाखाच्या वर फेरे. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते. ती कमी पडली की काळा धूर निघतो, किंवा गाडीचा संगणक इंधन आखडतं घेतो आणि गाडी रखडत चालते. मग चेक लाइट लागतो, गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड येतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘टर्बो गेला’. कोड तसं म्हणत नाही. तो इतकंच सांगतो की मागितला तेवढा दाब मिळाला नाही.

कोकणातल्या माणसाला तपासणीची एक फुकट सोय आहे : समुद्र. किनाऱ्यावर गाडी उभी करा, इंजिन बंद ठेवून चावी ऑनवर आणा आणि स्कॅनरवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघा. इंजिन बंद असताना त्या सेन्सरसमोर फक्त आपली रोजची हवा असते, म्हणून १०० ते १०१ किलोपास्कल दिसायला हवेत. पावसाळ्यात एखाद-दोन अंक कमी. मालवणच्या बंदरावर उभ्या गाडीत ८६ दिसले, तर सेन्सरच्या मते गाडी महाबळेश्वरात आहे! अशा वेळी सेन्सर काढून बघा, त्यावर काजळी आणि तेलाचा राप बसलेला असू शकतो. स्कॅनरला जोडायची बहुतेक मोबाइल ॲप हा एकूण दाब दाखवतात. चढणीवर आकडा २२० आला, तर त्यातले १०० आकाशाचे, टर्बोची कमाई १२० ची, म्हणजे सव्वा बारच्या आत-बाहेर (१०० किलोपास्कल म्हणजे एक बार).

सेन्सर खरा बोलत असेल तर हवेच्या वाटेने चला. ३० अंशांची हवा दुपटीने दाबली की ती सव्वाशे अंशांच्या आसपास तापते, म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये ती थंड करणारा इंटरकूलर असतो. या वाटेवरचे रबरी होज पाइप उष्णतेने आणि इंजिनातून येणाऱ्या तेलाच्या वाफेने हळूहळू मऊ पडतात. चीर पडते ती बहुधा वळणाच्या खालच्या बाजूला, क्लॅम्पला लागून. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, दाब चढला की उघडते; म्हणून बॉनेट उघडून नुसतं बघितल्यावर सगळं ठीकच वाटतं. इथे आपली जांभ्याची धूळ कामाला येते. चिरेतून हवेबरोबर तेलाचा फवारा उडतो, त्यावर लाल धूळ चिकटते आणि पाइपवर बरोबर त्याच जागी चिकट, काळपट तांबडा डाग दिसतो. पाइप पुसायच्या आधी तो डाग शोधा. मेकॅनिक अनेकदा आधी सगळं स्वच्छ धुऊन टाकतात, तो पुरावाच जातो. डाग सापडला नाही तर धूर सोडून गळती शोधण्याचं यंत्र आहेच, किंवा बेताचा दाब देऊन साबणाचं पाणी.

मग बघायच्या बारीक नळ्या, आणि खरी गंमत इथे आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत टर्बोची हलती पाती (पंख्यावर धूर किती जोरात आदळावा हे ठरवणारी) इंजिनातल्या निर्वात दाबाने ओढली जातात. ती नळी फुटली की पाती उघडीच राहतात आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला दाब, कमी पडतो. पण साध्या वेस्टगेटच्या (जादा धूर पंख्याला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) टर्बोत नळीतला बूस्टच झडप उघडतो. तिथे तीच नळी फुटली तर झडप उघडतच नाही, दाब मर्यादेबाहेर चढतो आणि कोड येतो पी ०२३४. नळी तीच, भोकही तेवढंच, रोग नेमका उलटा. दुसऱ्या प्रकारात गाडी आधी झकास पळते, म्हणून लोक खूश होतात. ते धोक्याचं आहे. गणपतीपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाडीत या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या असू शकतात. खाऱ्या हवेत ॲक्च्युएटरची, म्हणजे ही पाती किंवा झडप हलवणाऱ्या भागाची, दांडीही गंजून जाम होते. ती हलते का ते बघायला मिनिटभर पुरतं.

बीएस-६ डिझेल गाडी रोज घर ते बाजार एवढीच फिरत असेल तर धुराच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर तुंबलेला असू शकतो. टर्बो फिरतो तो धुराच्या वाटेवरच्या दाबातल्या फरकावर. पुढची वाटच बंद झाली की फरक उरत नाही.

एवढं झाल्यावर टर्बोला हात लावा. इंजिन थंड असताना दांडा बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलला तर घाबरू नका, चालताना ती फट तेल भरून काढतं. पण मागे-पुढे सरकत असेल, किंवा पंख्याची पाती भिंतीला घासल्याच्या चकचकीत खुणा दिसत असतील, तर मात्र टर्बो खरोखर गेला. नवा बसवताना तेलाची नळीही नवी घालायला सांगा. जुनीत करपलेल्या तेलाचा थर राहिला तर नव्या टर्बोलाही तेल पोचणार नाही आणि तोही लवकरच जाईल.