सामाजिक चिंता : चेहऱ्यावरील हावभावांना मेंदूचा प्रतिसाद

लोक आपल्याला सतत जोखत आहेत, त्यांच्यासमोर आपले हसे होईल, या भीतीने ग्रासलेल्या व्यक्तींचा मेंदू समोरच्याचे हावभाव कसे टिपतो व त्यांचा काय अर्थ लावतो, याचा हा अभ्यासविषय. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा विकार १९८० मध्ये ‘सोशल फोबिया’ या नावाने स्वतंत्रपणे आला. साधा लाजाळूपणा त्यात मोडत नाही.

चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांत मेंदूच्या विद्युत आलेखात त्याची ठळक खूण उमटते. मेंदूच्या खालच्या बाजूची फ्युसिफॉर्म वळी चेहऱ्याची ठेवण ओळखण्यात गुंतलेली असते, तर अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग त्या चेहऱ्याचे आपल्या दृष्टीने महत्त्व ठरवण्यात वाटा उचलतो. सामाजिक चिंता असलेल्यांमध्ये रागीट, तुच्छतादर्शक किंवा भेदरलेले चेहरे पाहताना अमिग्डाला इतरांपेक्षा जास्त सक्रिय होतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. शरीरातील धडधड, घाम अशा संवेदनांची दखल घेणारा इन्सुलाही बऱ्याचदा असाच चढा प्रतिसाद देतो. काही अभ्यासांत विकार जितका तीव्र, तितका अमिग्डालाचा प्रतिसाद मोठा आढळला.

अमिग्डालाला सर्रास ‘भीतीचे केंद्र’ म्हटले जाते, पण ते वर्णन अपुरे आहे. काही प्रयोगांत हसरे चेहरे दाखवल्यावरही तो वाजवीपेक्षा जास्त सक्रिय झाला. निर्विकार चेहऱ्यांचे निष्कर्ष तर अधिकच बोलके आहेत. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात कोणताही भाव नसलेले चेहरे पाहतानाही या रुग्णांचा अमिग्डाला सक्रिय झाला. निरोगी व्यक्तींमध्ये तसे झाले नाही. म्हणजे केवळ रागाची धास्ती हे स्पष्टीकरण पुरत नाही. समोरचा आपल्याबद्दल काय ठरवतो आहे हे कळत नसणे, हेच मुळात धोक्याचे वाटत असावे. भाव ओळखण्याची क्षमता सहसा फारशी कमी नसते. ओळखलेल्या भावाला दिले जाणारे वजन मात्र वेगळे असते.

लक्ष कुठे जाते, हाही प्रश्न आहेच. एक प्रचलित मत असे की, नजर आधी नापसंतीच्या चेहऱ्याकडे झटकन वळते आणि मग तिथून निसटते. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांत काही रुग्ण समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणे टाळतात असे दिसले. त्यामुळे ‘तो रागावलेला नव्हता’ हे कळण्याची संधीच हुकते. याच्या जोडीला भावनांना आवर घालणारे प्रीफ्रंटल भाग आणि अमिग्डाला यांच्यातील समन्वयातही फरक आढळतो, पण त्याची दिशा सर्व अभ्यासांत एकसारखी नाही.

हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. बरेच अभ्यास मोजक्या व्यक्तींवर झाले, आणि एकाच व्यक्तीच्या अमिग्डालाचे मोजमाप दोन वेळा केल्यास ते फारसे जुळत नाही. म्हणून मेंदूच्या स्कॅनवरून या विकाराचे निदान करता येत नाही; ते मुलाखतीतूनच होते.

उपचारांनी हा प्रतिसाद बदलू शकतो. २००२ च्या एका अभ्यासात सिटालोप्राम हे औषध किंवा संज्ञानात्मक वर्तनोपचार (विचार व वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारा उपचार), यांपैकी कशानेही बरे वाटलेल्या रुग्णांमध्ये लोकांसमोर बोलताना अमिग्डालातील रक्तप्रवाह घटला. २०१३ मधील दुसऱ्या एका अभ्यासात, रागीट चेहऱ्यांना मेंदूच्या दृष्टीशी निगडित भागांनी आधी दिलेल्या प्रतिसादावरून वर्तनोपचाराचा पुढे कोणाला किती उपयोग होईल, याचा काही अंदाज बांधता आला. रोजच्या उपचारांत मात्र ही पद्धत रुळलेली नाही.