रक्ताच्या तपासण्या यंत्रावर कशा आल्या

रक्त आपोआप तपासणारी यंत्रं, म्हणजे ॲनालायझर, येण्याआधी रक्तातली साखर मोजणं हे चांगलंच हातकष्टाचं काम होतं. ओटो फोलिन आणि श्येन वू यांनी 1919 मध्ये मांडलेली रक्त-पृथक्करणाची पद्धत पुढे कित्येक दशकं जगभरच्या लॅबमध्ये चालली. रक्तात सोडियम टंगस्टेट आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून प्रथिनं साकळवायची, गाळून घ्यायची. त्या निवळीत कॉपरचं द्रावण टाकून नळी उकळत्या पाण्यात धरायची, मग दुसरं रसायन घालून निळा रंग आणायचा. हा रंग ज्ञात साखरेच्या द्रावणाशेजारी ठेवून दुबॉस्क कलरीमीटर या रंगाची गडदता ताडून पाहायच्या उपकरणातून डोळ्यांनी जुळवायचा. द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, म्हणजे पिपेट, तोंडाने ओढायची, त्यामुळे ॲसिड तोंडात जाण्याची भीती कायम असायची.

यात वेळ जायचाच, पण खरं दुखणं वेगळं होतं. एकाच रक्ताचे दोन हातांनी काढलेले आकडे जुळत नसत. 1947 मध्ये बेल्क आणि संडरमन यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या हॉस्पिटलांच्या लॅबना एकसारखी द्रावणं तपासायला दिली, तेव्हा आलेल्या उत्तरांतली तफावत धक्कादायक होती. डॉक्टर ज्या आकड्यावर औषध ठरवत होते, तो आकडाच डळमळीत होता. यंत्राच्या इतिहासात वेगाचं कौतुक फार होतं. मला मात्र महत्त्वाचा वाटतो तो प्रत्येक सॅम्पलला मिळालेला सारखेपणा.

तो दिला लेनर्ड स्केग्ज यांनी. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात ते बायोकेमिस्ट होते. कृत्रिम मूत्रपिंडावर काम केल्यामुळे सेलोफेनचा पडदा लहान रेणू जाऊ देतो आणि प्रथिनं अडवतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. (आज ब्लड प्रेशरसाठी दिली जाणारी एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधं ज्या एन्झाइमला रोखतात, त्याचा शोधही त्यांच्याच गटाने 1956 मध्ये लावला. एका माणसाने किती करून ठेवावं!)

त्यांच्या यंत्रात रोलरचा पंप बारीक प्लास्टिकच्या नळ्या सतत दाबत राहायचा. कुठल्या नळीतून किती द्रव जाईल हे तिच्या आतल्या व्यासावर ठरे, म्हणजे पिपेटचं कामच संपलं. सॅम्पल आणि रिएजंट (तपासणीची रसायनं) एका धारेत मिसळून पुढे जात आणि त्या धारेत ठरावीक अंतराने हवेचे बुडबुडे सोडलेले असत. बुडबुडा नळीच्या भिंतीला चिकटलेला द्रव पुसून नेई, त्यामुळे एका पेशंटचं रक्त पुढच्याच्या रक्तात मिसळणं पुष्कळ कमी होई. गाळणीच्या जागी सेलोफेनचा पडदा आला. पुढे तापवण्याची कॉइल, मग कलरीमीटर, आणि शेवटी कागदावर शिखरं काढत जाणारं पेन. रासायनिक क्रिया पूर्ण होण्याची वाटही पाहायची गरज उरली नाही. स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेलं द्रावण) आणि सॅम्पल दोघांनाही तितकाच वेळ आणि तितकीच उष्णता मिळत असल्याने तुलना चोख राही. मला सगळ्यात सुंदर वाटते ती हीच कल्पना.

हे यंत्र टेक्निकॉन कंपनीने 1957 मध्ये ‘ऑटोॲनालायझर’ या नावाने बाजारात आणलं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याचंच पुढचं यंत्र, एसएमए 12/60, आलं: तासाला 60 सॅम्पल, प्रत्येकाच्या 12 तपासण्या. मागितलेली असो वा नसो, तपासणी व्हायचीच. आजच्या ‘प्रोफाइल’ची आणि पॅकेजची मुळं इथे आहेत.

त्याचे परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. अमेरिकेत मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलाच्या रोचेस्टर शहरात 1974 पासून कॅल्शियम सरसकट मोजलं जाऊ लागलं आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकाराच्या नोंदी एकदम वाढल्या. त्रास काहीच नसलेली माणसं आकड्यामुळे सापडू लागली होती. दुसरीकडे, ‘नॉर्मल’ची मर्यादा निरोगी लोकांतल्या 95 टक्क्यांवर आखलेली असते. बारा तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर ठणठणीत माणसाचीही एखादी तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता 46 टक्के येते. रिपोर्टमधला एक ठळक आकडा पाहून घाबरून जाणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरांनी हे समजावून सांगायला हवं.

पुढे वाहत्या धारेची पद्धत मागे पडली. प्रत्येक तपासणी वेगळ्या क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक भांड्यात), हवी तेवढीच करणारी यंत्रं आली. उकळवणं आणि जहाल ॲसिडं जाऊन साखरेसाठी ग्लुकोज ऑक्सिडेजसारखी एन्झाइम वापरात आली. आपल्याकडच्या लहान लॅबमध्ये सेमी-ऑटो, म्हणजे अर्धस्वयंचलित यंत्र, दिसतं. त्यात रंग मोजायचं आणि हिशेबाचं काम यंत्र करतं, पण सॅम्पल आणि रिएजंट मिसळणं टेक्निशियनच्याच हातात असतं.

यंत्र एकसारखं वागतं, म्हणजे चुकलं तर एकसारखं चुकतंही. म्हणून रोज सकाळी पेशंटच्या सॅम्पलआधी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल) लावतात आणि त्याचं उत्तर लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर, म्हणजे रोजच्या उत्तरांच्या आलेखावर, मांडतात. ही रीत 1950 ची, कारखान्यातल्या गुणवत्ता तपासणीवरून घेतलेली. त्या आलेखावरून रन (तपासण्यांची फेरी) कधी थांबवायचा याचे नेमके नियम वेस्टगार्ड यांनी 1981 मध्ये दिले. तपासणीतल्या चुका अशा आवाक्यात आल्या आणि आता बहुतेक चुका होतात त्या सॅम्पल यंत्रापर्यंत पोचण्याआधी. रक्त घाईने ओढलं, नळी जोरात हलवली, की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. आजची मोठी यंत्रं सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) लालसरपणा मोजून अशा सॅम्पलला खूण करतात आणि रक्त पुन्हा घ्यावं लागतं.