फाटक्या पात्यांची बुरशी: नावामागचा इतिहास आणि सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा

येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या रस्त्यांवर पावसाळ्यात तुटून पडलेली आंब्याची फांदी उलटून पाहावी. सालीवर नखाएवढे करडे-पांढरे पंखे दाटीने चिकटलेले असतात, वरून लवदार आणि बिनदेठाचे. ही शायझोफायलम कम्यून नावाची बुरशी. भिंगातून खालची बाजू पाहिली की प्रत्येक पाते, म्हणजे खालची पातळ पट्टी, कडेला मधोमध उभे चिरलेले दिसते. तिच्या वर्गीकरणाचा सगळा वाद या चिरेभोवती फिरला.

वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसच्या काळात पाती दिसली की ती बुरशी ‘अ‍ॅगॅरिकस’मध्ये जाई. हीसुद्धा अ‍ॅगॅरिकस अल्नियस म्हणून तिथेच गेली. अल्नियस म्हणजे अल्डर झाडावरची. स्वीडनच्या एलियास फ्रीसने 1815 मध्ये तिच्यासाठी वेगळी प्रजाती काढली. नाव ग्रीक शब्दांवरून: ‘फाटलेले पान’. जातिनाम कम्यून, म्हणजे सर्वत्र आढळणारी. लिनियसचे नाव जुने असले तरी नामकरणाच्या नियमांनी फ्रीसच्या नावाला संरक्षण दिले, म्हणून तेच टिकले.

पण ही खरी पाती नाहीत. वाटीसारखी छोटी फळे, म्हणजे बीजाणू तयार करणारे भाग, शेजारी शेजारी वाढतात आणि लगतच्या दोन कडा एकत्र येऊन एक पाते झाल्यासारखे दिसते. म्हणून तिला बरीच वर्षे पातीवाल्या अळंब्यांपासून दूर ठेवले गेले. डीएनएच्या अभ्यासाने तिला पुन्हा अ‍ॅगॅरिकेल्स गणात आणले, मात्र शायझोफायलेसी या स्वतंत्र कुळात. आमच्या मते फक्त बाह्यरूपावर विसंबण्यातला धोका इतका स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

चिरेचा उपयोग कोरड्या दिवसांत कळतो. पात्याचे दोन भाग बाहेरच्या बाजूने गुंडाळतात, बीजाणू देणारा थर आत झाकला जातो, आणि पाऊस पडला की काही तासांत पुन्हा उघडतात. बुरशीतज्ज्ञ ए. एच. आर. बुलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाळवून निर्वात नळीत बंद केलेले नमुने सुमारे 50 वर्षांनी भिजवल्यावरही बीजाणू सोडू लागले होते.

सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटवायला पात्याचा पातळ छेद दाढीच्या नव्या ब्लेडने घ्यावा. वाळलेला नमुना 5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काही मिनिटे फुगवावा, मग काँगो रेड या तांबड्या रंगद्रव्याने रंगवावा. छेद जाड झाला तर तंतू एकमेकांवर चढतात आणि तंतूंच्या आडव्या पडद्यांजवळच्या क्लॅम्प जोडण्या (दोन पेशींना बाजूने जोडणारे छोटे फुगवटे) दिसत नाहीत. त्या 1000 पट मोठेपणात, तेल घालून शोधाव्यात. बीजाणू गुळगुळीत, रंगहीन, नळकांडीसारखे, साधारण 5 ते 7 मायक्रॉन लांब आणि 2 ते 3 रुंद. आयोडीनने निळे होत नाहीत. सुक्या नमुन्यात बीजाणू मिळाले नाहीत तर तो भिजवून, पाती खाली करून, ओलसर झाकणाखाली रात्रभर काचपट्टीवर ठेवावा. ठाण्याच्या पावसाळी हवेत वाळवलेला नमुना उघडा ठेवला की त्यावर दुसरीच बुरशी चढते, म्हणून 40 अंशांच्या आसपास वाळवून सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. येऊरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून वनविभागाच्या परवानगीशिवाय काही उचलू नये.

क्लॅम्प नसलेली वाढ मिळाली तर ओळख चुकली असे लगेच मानू नये. एकाच बीजाणूपासून उगवलेल्या तंतूंवर क्लॅम्प येतच नाहीत. जुळणारा दुसरा तंतू भेटल्यावरच ते तयार होतात. हे जुळणे दोन स्वतंत्र आनुवंशिक घटकांवर ठरते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स क्निएप यांनी 1920 मध्ये याच बुरशीत दाखवले. पुढे त्यांतून जुळणीचे 20,000 हून अधिक प्रकार संभवतात असा अंदाज बांधला गेला. 2010 मध्ये तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, डीएनएच्या सुमारे 38.5 दशलक्ष आधारजोड्यांचा.