इंग्रजी जोडविशेषणांमधले सिलेबल आणि स्ट्रेस

दोन शब्द जोडून बनलेलं विशेषण ते जोडविशेषण, इंग्रजीत गुड-लुकिंग, ओल्ड-फॅशन्ड, ब्लू-आइड असे ढिगाने आहेत. सिलेबल, म्हणजे एका ठोक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, पाडताना पहिली तोड दोन शब्दांच्या सांध्यावर आणि मग आतली, म्हणजे ओल्ड-फॅ-शन्ड, तीन. गडबड होते शेवटच्या ईडी (-ed) या प्रत्ययामुळे. त्याच्या आधी ट किंवा डचा उच्चार असेल तर ईडीचं वेगळं सिलेबल होतं म्हणून काइंड-हार्टेड तीन सिलेबलचं, नाहीतर ते आधीच्यातच जिरतं, ब्लू-आइड दोनच. लाँग-लेग्ड मात्र ब्रिटिश उच्चारात बऱ्याचदा लाँग-ले-गिड असं ऐकू येतं.

आता जोर, म्हणजे स्ट्रेस. ब्लॅकबर्ड, ग्रीनहाउस अशा जोडनामांत तो साधारणपणे पहिल्या शब्दावर असतो, आणि आपण तोच नियम विशेषणांनाही लावतो, तिथेच चुकतं. ओल्ड-फॅशन्डमध्ये मुख्य जोर 'फॅ'वर, बॅड-टेम्पर्डमध्ये 'टेम'वर, पहिल्या शब्दाला दुय्यम. पहिला शब्द नाम असेल तर मात्र बऱ्याचदा जोर पहिल्या शब्दावर येतो, हार्टब्रेकिंग, होमसिक, टाइम-कन्स्यूमिंग. पण ड्यूटी-फ्री, ब्रँड-न्यू यांत तो परत दुसऱ्या शब्दावरच, त्यामुळे हा नियम डोळे झाकून वापरू नये.

आणि खरी गंमत पुढे आहे, हा जोर जागचा हलतो! 'ही इज वेल-नोन' म्हणताना तो 'नोन'वर, पण 'अ वेल-नोन ॲक्टर' म्हटलं की 'वेल'वर सरकतो, कारण 'नोन' आणि 'ॲक' असे दोन ठोके लागोपाठ इंग्रजीच्या लयीला जड जातात. थर्टीनचंही असंच, एकटं असताना 'टीन'वर आणि 'थर्टीन मेन'मध्ये 'थर'वर. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण दोन्ही शब्द सारख्याच वजनाने बोलून जातो आणि हा फरक कानाला जाणवतच नाही.

तसं हे आपल्याला अगदी परकंही नाही. ब्लू-आइड म्हणजे निळे डोळे आहेत ज्याचे तो, शाळेतला बहुव्रीहीच की. वैदिक संस्कृतात तर समास कुठला ते स्वरावरून कळायचं (तो स्वर म्हणजे आवाजाची उंची, इंग्रजीसारखा जोर नव्हे). त्वष्टा या वैदिक देवाला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता, त्याने 'इन्द्रशत्रु' म्हणताना उदात्त (उंच स्वर) शेवटी द्यायचा तो पहिल्या अक्षरावर दिला, अर्थ झाला इंद्र ज्याचा मारेकरी आहे असा, आणि तो मुलगा, वृत्र, इंद्राच्याच हातून मारला गेला. पतंजलींच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात हेच उदाहरण येतं.

डिक्शनरीत मुख्य जोराची उभी रेघ सिलेबलच्या आधी वर असते, दुय्यमची खाली. जोडविशेषणाला दोन्ही रेघा दिसल्या आणि वरची दुसऱ्या शब्दावर असली, तर पुढे नाम आल्यावर तो जोर सरकण्याची शक्यता धरून वाचावं.