देवगिरी (दौलताबाद) किल्ला

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना सुमारे १५ किलोमीटरवर, सपाट मुलखातून एकटा उठलेला सुळक्यासारखा डोंगर म्हणजे देवगिरी. उंची साधारण २०० मीटर. त्याची मूळची उतरती बाजू पायथ्याकडून तासून चहूबाजूंनी सुमारे ५० मीटर उंचीचा सरळ कडा काढलेला आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक गडांना निसर्गाने कडे दिले. इथला कडा माणसांनी छिन्नीने घडवला, आणि या किल्ल्याचे वेगळेपण यातच आहे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा भिल्लम (पाचवा) याने इथे राजधानी केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी अचानक चालून आला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य बाहेर होते. रामदेवराव किल्ल्यात शिरला. घाईत आत घेतलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असे फारसी इतिहासकार सांगतात. १३१८ च्या सुमारास यादवसत्ता पुरती संपली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवून गावाला दौलताबाद नाव दिले. १३४७ मध्ये बहमनी राज्याचा पाया इथेच घातला गेला. पुढे किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीत गेला. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव यांची १६२९ मध्ये याच किल्ल्यात दरबारात हत्या झाली. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर काही काळ तो पेशव्यांकडे होता, त्यानंतर हैदराबादच्या निजामाकडे.

बाहेरून आत जाताना अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट असे तीन तट लागतात. अंबरकोट मूळ शहराला वेढणारा. त्याचे तुटके पट्टे आज शेतांतून दिसतात. महाकोटाचे दरवाजे एका रेषेत नाहीत. एक दरवाजा फोडून आत आलेल्याला लगेच वळावे लागते, चौकात अडकावे लागते आणि वरून मारा होतो. दारांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या धडकेसाठी.

कालाकोटाच्या पुढे खडकात खोदलेला खंदक आहे. त्यावरचा जुना दगडी पूल इतका अरुंद की दोघांहून अधिक माणसे शेजारी चालू शकत नाहीत. त्यानंतर अंधारी लागते. हा डोंगराच्या पोटातून वळणे घेत चढणारा बोगदा आहे. मध्ये उभ्या पायऱ्या, पायऱ्यांच्या वरच्या तोंडाला लोखंडी जाळी, आणि युद्धात त्या जाळीवर मोठा जाळ. खालून येणाऱ्याला उष्णता आणि धूर यांतूनच वर यावे लागे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १४ व्या शतकात इथे आला, तेव्हा माथ्यावर जायला चामड्याची शिडी होती व ती रात्री वर ओढून घेत, असे त्याने नोंदवले आहे. म्हणून अंधारीची आजची घडण त्याच्या नंतरची असावी, असे मानायला जागा आहे. सगळेच काम यादवांच्या नावावर घालणे बरोबर नाही.

इतकी तजवीज असूनही किल्ला पडत राहिला, कारण दाणा. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने सुरुंग लावून अंबरकोट आणि महाकोट फोडले, पण निजामशाहीचा वजीर फत्तेखान याने शेवटी किल्ला दिला तो धान्य संपल्यामुळे. तासलेला कडा शत्रूला रोखतो, आतल्या माणसांना खाऊ घालू शकत नाही. पाण्याचा विचार मात्र चोख होता: डोंगरांच्या कुशीतल्या तलावांतून मातीच्या नळांनी पाणी आत आणलेले होते, आणि महाकोटातला प्रचंड हत्ती हौद आजही शाबूत आहे.

अवशेषांत सर्वांत आधी नजरेत भरतो तो चार मजली चांदमिनार. तो अलाउद्दीन अहमदशहा बहमनीने पंधराव्या शतकाच्या मध्यास बांधला. जवळच मंदिरांचे खांब वापरून उभारलेली जुनी जामा मशीद आहे. १९४८ नंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. चिनी महालाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे काही तुकडे उरले आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह इथेच कैदेत वारला. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. मेंढ्याचे डोके तोंडाशी नाही, मागच्या टोकाला आहे. वर बारादरी (अनेक दारांचा महाल) आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचे स्थान. जनार्दनस्वामी या किल्ल्यावर अधिकारी होते.

चढाईला दोन-तीन तास धरावेत. अंधारीत वटवाघळांचा उग्र दर्प असतो आणि पायऱ्या निसरड्या, तेव्हा विजेरी हवीच. तटांचे नुकसान तोफांपेक्षा आता पिंपळ आणि वडाच्या मुळांमुळे अधिक होते: बी चुन्याच्या सांध्यात रुजते, मूळ जाड होत दगड ढकलते, आणि त्या फटीतून पावसाचे पाणी आत मुरते. रोप बोटाएवढे असतानाच उपटले तर सांधा वाचतो. खोड झाल्यावर वरून तोडले तरी आत राहिलेले मूळ पुन्हा फुटते.