जावा की येझदी: घरी बनवायला कुठली घ्यावी?

साठीच्या आसपास पोचलेल्या, आठवड्यातले दोन-तीनच दिवस कामावर जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात जुनी मोटरसायकल घेऊन दुरुस्त करत पुन्हा पहिल्यासारखी बनवायचं खूळ शिरलं, की पहिलं नाव निघतं जावाचं. गाडी बघायला जावं तर टाकीवर येझदी लिहिलेलं असतं आणि विकणारा म्हणतो, "एकच हो साहेब, नुसतं नाव बदललं." हे निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यात पैसे जातात.

खरं ते आधी. दोन्ही गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचा परवाना घेऊन साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं जावा बनू लागली, 1973 पासून टाकीवर येझदी आलं आणि 1996 ला उत्पादन थांबलं. आपण बोलतोय त्या अडीचशे सीसीच्या गाड्यांचं इंजिन एकाच घराण्यातलं, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. डाव्या बाजूला एकच दांडी, तीच किक आणि तोच गिअर. नवखा मेकॅनिक ओळखायचा तर त्याला किक मारायला सांगा. तो उजव्या बाजूला शोधत बसतो.

(2018 नंतर आलेल्या नव्या जावा आणि 2022 पासूनच्या नव्या येझदी यांचा इथं संबंध नाही. त्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचं काही जुनीला बसत नाही.)

फरक पडतो तो पत्र्यात. जावाच्या हेडलाइटचं घर आणि फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची, कव्हरं असा सलग डौल आहे, त्यातच स्पीडोमीटर आणि खिळ्यासारखी चावी. टाकीच्या बाजूंना क्रोम, गुडघ्याशी रबर. सुरुवातीच्या येझदी दिसायला जवळपास अशाच होत्या. 1978 ला आलेल्या येझदीच्या रोडकिंग मॉडेलमध्ये तो थाट गेला, हेडलाइट वेगळा, मीटर वेगळं. डोळ्याला जावा उजवी हे मान्य. पण पत्र्याला खड्डे पडले असतील तर जुनं क्रोम उतरवून, घासून, निकल चढवून मग क्रोम, हे घरच्या पार्किंगमध्ये होत नाही, आणि प्लेटिंगवाला गंजानं पातळ झालेली टाकी भोकासकट परत देतो. रोडकिंगला बऱ्याच अंशी रंगावर भागतं. पहिलीच गाडी असेल तर मी रोडकिंगच घ्या म्हणेन.

आता मुख्य गोम. कितीतरी सुटे भाग एकमेकींना बसतात, त्यामुळे येझदीच्या चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, जावाची टाकी आणि हेडलाइट चढवून ती जावाच्या भावात विकली जाते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडलं तरी यातला बराच माल कुठून कुठे जातो ते कळतं. म्हणून टाकीकडे बघूच नका. आधी आरसी बुकातलं साल बघा. 1982 लिहिलं असेल तर वर काहीही बसवलेलं असो, ती येझदी. मग हँडलखाली मानेवरचा चासी नंबर. त्यावरचा मळ रॉकेलच्या फडक्यानं पुसा, कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, आरटीओत पासिंगला घेतात तशी. आकडे उमटतात. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका आला, की चहा पिऊन घरी या.

इंजिनाच्या बाबतीत दोघींची दुखणी सारखीच. वर्षानुवर्षं उभी राहिलेल्या गाडीत क्रँकची, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याची, ऑइल सील (तेल-हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) कडक होतात. डाव्या, प्रायमरी चेनच्या (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या साखळीच्या) बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी गुपचूप उतरते. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचं गेलं की हवा शिरते आणि गरम झाल्यावर आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं, बेफाम होतं. लोक कार्ब्युरेटरला दोष देत बसतात. सील बदलणं घरी जमतं. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला खेळ असेल तर मात्र क्रँक लेथवाल्याकडेच न्या. क्रँक प्रेसनं सुटा करून परत सरळ रेषेत आणावा लागतो, हातोडीनं होणारं ते काम नव्हे.

कागदांतला फरक शेवटी, पण खर्चाचा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. जुनी जावा यात बसते. पहिली रोडकिंगसुद्धा 2028 च्या आधी बसत नाही. मात्र व्हिंटेज नंबरची गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. रविवारी पानशेतला चक्कर मारायची हौस असेल तर जावालाही साधीच नोंदणी चालू ठेवा, दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर भरून.